खंडेनवमीचं कुंकू आणि बोयीतला पारा

मी जन्मात कधी मासा खाल्लेला नाही. तरी खाडीतली बोय ताजी आहे की कालची, हे मला तिचे कल्ले उचलून सांगता येतं. तुमच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, याचं फार हसू येतं. ती म्हणते, "आईला सगळ्या माशांची तब्येत कळते, चव एकाचीही नाही." खरंच आहे ते. हे ज्ञान मला कुठून आलं ते सांगायचं, तर तुम्हाला नव्वदीच्या दशकातल्या डोंबिवलीच्या मासळी बाजारात न्यावं लागेल आणि तिथून ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत.

तेव्हा मी कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आम्ही डोंबिवलीला राहायचो. तुमची आई शाळेतून कॉलेजात गेली आणि माझ्या मनात जुनी इच्छा पुन्हा उठली, पीएचडी करायची. चाळिशी उलटून गेली होती. तुमच्या आजोबांनी "कर की" म्हटलं. पण घरात खरा निर्णय माझ्या सासूबाईंचा असायचा. त्यांना मी भीतभीतच विचारलं. त्या गव्हल्या करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या वेळी या वयात बायका पोथी घ्यायच्या. तू प्रयोगशाळा घे. स्वयंपाकाचं मी बघते."

एवढंच बोलल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांनी ते पाळलं. मी आजवर जे काही लिहिलं, छापलं, शिकवलं, त्यातलं निम्मं त्यांच्या आमटीभातावर उभं आहे. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझे मार्गदर्शक ठाण्याच्या एका कॉलेजात होते. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. ते उंच, किडकिडीत आणि बोलायला कोरडे होते. मला "बाई" म्हणायचे. त्यांनी मला विषय दिला तो पाऱ्याचा. कल्याणच्या बाजूने येणारी नदी पुढे खाडी होऊन डोंबिवलीवरून ठाण्याकडे जाते. वरच्या अंगाला कारखाने होते, नाले होते. पाण्यात काय काय मिसळतं याची तेव्हा नुकती कुठे चर्चा सुरू झाली होती. पारा पाण्यात अगदी किंचित असला, तरी चिखलात बसतो, तिथून किड्यांत जातो, किड्यांतून माशांत, आणि साठत जातो. माणसाच्या पोटातल्या बाळाला तो सर्वांत वाईट. प्रश्न असा, की हा किंचित पारा मोजायचा कसा? ठाण्याच्या मासुंदा तलावात कुणी चिमूटभर साखर टाकली आणि तुम्हाला म्हटलं, सांगा किती टाकली, तर काय कराल? तसंच ते होतं.

परदेशात यासाठी मोठाली यंत्रं होती. आमच्याकडे नव्हती. सरांनी दुसरी वाट धरली, विजेची. पेन्सिलीच्या शिशासारख्या कार्बनच्या कांडीचं टोक आरशासारखं घासून घ्यायचं. त्यावर सोन्याचे अतिशय बारीक कण बसवायचे. इतके बारीक, की ते पाण्यात असले तर पाणी सोनेरी दिसत नाही, कोकम सरबतासारखं लाल दिसतं. आज याला तुम्ही नॅनो म्हणता. तेव्हा हा शब्द आमच्या कानावर नुकता येऊ लागला होता. सर नुसतं "बारीक सोनं" म्हणायचे. आपल्या अंगावरच्या दागिन्याला पारा लागला तर तो पांढरा पडतो, हे तुम्हाला माहीत असेल. सोन्याला पाऱ्याची ओढ असते. तीच ओढ आम्ही कामाला लावली.

सोनं बसवलेली ती कांडी नमुन्याच्या पाण्यात बुडवायची आणि विजेचा दाब असा ठेवायचा, की पाण्यात विखुरलेला पारा हळूहळू येऊन सोन्यावर बसेल. थोडा वेळ त्याला बसू द्यायचं. मग दाब हळूहळू उलट्या बाजूला न्यायचा. एका ठरावीक ठिकाणी पारा सोनं सोडून पुन्हा पाण्यात उतरतो आणि त्या क्षणी प्रवाह वाढतो. यंत्राला जोडलेली पेन सरकत्या कागदावर एक टेकडी काढते. टेकडी उंच तर पारा जास्त. पारा नसेल तर पेन सपाट रेघ मारत पुढे जाते. ती पहिली टेकडी मी पाहिली तेव्हा मला हसू आवरेना. सर म्हणाले, "बाई, हसताय काय? अजून तुम्हीच घातलेला पारा आहे तो. खाडीतला सापडला की हसा."

खाडीतला पारा शोधायचा म्हणजे मासे आणायला हवेत. मी बाजारात गेले ती नाकाला पदर लावून. एका कोळिणीच्या पाटीसमोर उभी राहिले. ठसठशीत नथ, हिरवं काष्ट्याचं लुगडं, आवाज खणखणीत. मी म्हटलं, "एक बोय द्या. आणि ही कुठून धरली ते सांगा."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकच? घरान मांजर हाय का?"

"मांजर नाही. तपासायची आहे."

"तपासाची? माजी बोय आजारी दिसते काय तुला?" शेजारच्या दोघी खदखदा हसल्या. मी बोय उचलायला गेले ती शेपटीला धरून, दोन बोटांनी, जशी आपण सरडा उचलू. तेव्हा तर अख्खा बाजार हसला. "आगं बाय, तिला अशी धरतात व्हय? हितं, कल्ल्यान बोट घाल. लाल हाय ना? मंग ताजी. काली परली तं घेऊ नको, मी दिली तरी घेऊ नको."

अशी आमची ओळख झाली. मी तिला मावशी म्हणू लागले, वयाने ती माझ्याहून थोडीच मोठी असेल तरी. ती मला "तपासनारी बाय" म्हणायची. मासा कसा कापायचा, पाठीचं मांस कसं सोडवायचं, हेही तिनेच शिकवलं. मी कापताना तोंड वाकडं केलं, की म्हणायची, "बामनीन बग कशी मासा मारते. आधी मेलाय तो, घाबरू नको." मी स्टीलच्या डब्यात बर्फ घालून बोय ठाण्याला न्यायची. संध्याकाळी घरी आले की सासूबाई दारातच थांबवायच्या. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली आधीच काढलेली असायची. "आधी अंघोळ, मग चहा, मग काय ते संशोधन," असा नियम होता. पण एकदाही त्या म्हणाल्या नाहीत, की हे काम सोड.

त्या वर्षी खंडेनवमीला सासूबाईंनी हट्ट धरला. "तू तिथे काय करतेस ते मला बघायचंय. आणि शस्त्रपूजा मी करणार. घरी सुरी-विळी पूजतो, तुझं खरं शस्त्र तर ते आहे." ठाण्याच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायचीच. शिपाई दोन झेंडूची फुलं ठेवायचे, सर बाहेर जाऊन उभे राहायचे. ते पूजा करत नसत, अडवतही नसत. सासूबाई नऊवारी नेसून, नारळ घेऊन आल्या. मी त्यांना कांडी दाखवली, कोकमाच्या रंगाचं पाणी दाखवलं. त्या फार वेळ पाहत राहिल्या. "एवढंसं सोनं, आणि पारा येऊन बसतो त्याच्यावर?" मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून चांदीचा करंडा काढला. यंत्राच्या स्टँडला, फ्लास्क ठेवायच्या फळीला, पेनच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. हात जोडून म्हणाल्या, "खरं सांग रे बाबा. जे असेल ते खरं सांग." सरांनी दारातून ऐकलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना शास्त्र कळतं."

दसऱ्याची सुट्टी संपली. फुलं उचलली, फळी कोरड्या फडक्याने पुसली, कामं सुरू झाली.

त्याच आठवड्यात मावशी माझ्या कॉलेजच्या दारात आली. बाजार सोडून ती कधी कुठे जाताना मी पाहिली नव्हती. हातात पाटी नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू त्या माशांच्या विखावर काम करतेस ना? मंग मना खरं बोल." तिची सून गरोदर होती. आदल्या वर्षी एक गर्भ गेला होता. आता पुन्हा दिवस होते, आणि कुणी नातलगाने घरी येऊन सांगितलं होतं, की खाडीच्या माशांत विष आहे, पोटातल्या पोराच्या डोक्यात जातं. तेव्हापासून पोरीने मासा सोडला होता. आणि तिच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. डाळ खाल्ली की उलटी, दूध प्यायली की उलटी. एक बोयीचं कालवण तेवढं ठरायचं. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणत होती, हिचं वजन वाढत नाही, हिला खायला घाला.

"मी तिला देऊ का नको देऊ?" मावशी म्हणाली. "येवरंच सांग. तू बोलशील तं मी देईन. तू नाय बोलशील तं मी घरान बोय आननार नाय. पन सांग."

मी तिला म्हटलं, "मावशी, तुमच्या घरात जिथली बोय येते तिथलीच मला द्या. बघून सांगते. तोवर देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी ती बोय ठाण्याला नेली. आम्ही माशाचं मांस आम्लात घालून, गरम करून, पार विरघळवून घ्यायचो आणि मग त्यात कांडी बुडवायचो. पेन सुरू झाली. सपाट गेली, वळली, आणि वर चढली. इतकी उंच टेकडी आम्ही खाडीच्या कुठल्याही माशात पाहिली नव्हती. मी सरांना हाक मारली. ते येऊन कागदावर वाकले. मी म्हटलं, "सर, मी तिला आज संध्याकाळीच सांगते. खाऊ नको म्हणून."

"आधी कोरा नमुना," सर म्हणाले.

कोरा नमुना म्हणजे माशाशिवाय सगळं. तेच आम्ल, तेच शुद्ध पाणी, तोच फ्लास्क, तेवढाच वेळ गरम केलेला. त्यात काहीच नसायला हवं. रेघ सपाट यायला हवी. मी केला. पेन चढली.

सरांनी चष्मा काढला. "बाई, यात मासा नाही. मग पारा कुठून आला?"

म्हणजे मावशीच्या बोयीत पारा आहे की नाही, हे आता मला सांगताच येत नव्हतं. तिच्या टेकडीतली किती उंची माशाची आणि किती आमच्याच खोलीची? त्या संध्याकाळी मी घाईने बोलले असते, तर एका पोरीच्या ताटातलं एकुलतं एक अन्न काढून घेतलं असतं, आणि तेही कदाचित उगाच. उलट "खुशाल खा" म्हणायलाही जागा नव्हती.

मी मावशीला सांगितलं, "यंत्रात काहीतरी घोळ आहे. थांबा."

"घोल?" ती म्हणाली. "मंग माजी सून काय तुजा यंत्र सुधरंपर्यंत उपाशी राहील?" बर्फावरची कोळंबी उगाच सारखी करत राहिली. मला तिथून निघवेना आणि थांबवेना.

मग शोध सुरू झाला. आम्लाची नवी बाटली फोडली, तरी टेकडी. पाणी दुसऱ्या कॉलेजातून आणलं, तरी टेकडी. काचेची सगळी भांडी आम्लात भिजवून धुतली, तरी टेकडी, थोडी ठेंगणी एवढंच. कांडीचं टोक पुन्हा घासून नवं सोनं बसवलं, तरी तेच. सर म्हणाले, "हवेतून येतो काय?" आम्ही जुने फुटके थर्मामीटर आहेत का म्हणून कपाटांखाली बॅटरी मारून पाहिलं. काही नाही. शेवटी मी एक कोरा नमुना वरच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राच्या खोलीत नेऊन गरम केला. त्यांच्या फळीवर, त्यांच्या झाडांच्या गर्दीत. खाली आणून कांडी बुडवली. रेघ सपाट आली.

म्हणजे पारा आमच्याच खोलीत होता. मी जुने कागद तारखेप्रमाणे लावून ठेवत असे. ते काढले. शेवटची सपाट रेघ दसऱ्याच्या सुट्टीच्या आधीची होती. सुट्टीत खोली बंद होती. कोणी आलं नव्हतं, काही आणलं नव्हतं. फक्त पूजा झाली होती.

मी सरांना म्हटलं, "पण कुंकवात पारा नसतो. हळदीला चुना दिला की ती लाल होते. ते मी एसवायच्या पोरींना शिकवते."

"शिकवताय ते बरोबर आहे," सर म्हणाले. "फळी पुसून बघा."

मी गाळणकागदाचा तुकडा ओला करून स्टँडच्या पायाच्या खाचेत फिरवला. कागदावर लालसर डाग आला. तो आम्लात घातला, वर नेऊन गरम केला. पेन जी वर गेली ती कागदाच्या काठाला जाऊन थडकली आणि तिथेच थरथरत राहिली.

तेव्हा मला आठवलं. सासूबाईंचं कुंकू साधं नव्हतंच. रोज आम्ही लावायचो ते बाजारातलं. पण सणाचं, करंड्यातलं कुंकू त्यांच्या आईने दिलेलं होतं. कोकणातून आलेलं, गडद, जड, किंचित चमकणारं. त्यात हिंगूळ खललेला होता. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. रंगासाठी जुन्या बायका घालायच्या. त्याची धूळ फळीच्या खाचेत बसली होती. आम्ही कोरड्या फडक्याने पुसली तेव्हा ती सगळीकडे पसरली, आणि उघड्या फ्लास्कात उतरत राहिली. डोळ्याला दिसलीही नसती. बारीक सोन्याला मात्र दिसली.

घरी गेल्यावर मी आधी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "आईला सांगू नकोस. कौतुकाने आली होती." पण मला ते लपवणं जमेना. सासूबाई दिवाणावर वाती वळत बसल्या होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्या वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पूजा केली आणि तुझं यंत्र आजारी पडलं."

"नाही हो. यंत्राने बरोबर सांगितलं. तुम्ही म्हणालात ना, असेल ते खरं सांग. त्याने तेच केलं. आम्हाला कळलं नाही."

"आणि हा पारा मी जन्मभर कपाळाला लावला."

मी समोरच्या वातींकडे पाहत बसले.

"सणासुदीलाच लावला म्हणा," त्याच म्हणाल्या. "अजून धडधाकट आहे." मग त्यांनी वातीचा पेळू खाली ठेवला आणि विचारलं, "त्या कोळिणीच्या सुनेचं काय झालं?"

मुलांनो, ते कुंकू म्हणजे त्यांच्या आईची त्यांच्याकडे उरलेली एकच वस्तू होती. पुढे तुमच्या आईच्या लग्नात तेच कुंकू लावायचं असं त्यांनी बोलून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवून त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते एका अनोळखी पोरीबद्दल, जिचं नावही त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अजून काही सांगितलेलं नाही. ती काही खात नाही."

"मग इथे बसून माझ्या वाती काय बघतेस? उद्या सकाळीच जा. डबा मी करून ठेवते." त्या उठल्या, करंडा देवघरातून काढला, एका काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हातात दिला. "हे आता तुझ्याकडचं. कुलुपात ठेव. घरात लहान मूल येईल पुढेमागे, त्याच्या हाती नको." त्या पुढेमागे येणाऱ्या मुलांत तुम्हीही होतात.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी मिळून ती खोली धुतली. फळी काढून टाकली. स्टँड आम्लाने, मग पाण्याने, पुन्हा आम्लाने. दुसऱ्या खोलीत काम हलवलं. नवी कांडी, नवं सोनं. कोरा नमुना लावला आणि आम्ही दोघं पेनकडे बघत उभे राहिलो. ती सपाट गेली. अगदी काठापर्यंत सपाट. सर म्हणाले, "तुमच्या सासूबाईंचे आभार माना. आपली कांडी किती बारीक पाहते हे मी दहा प्रयोगांनी सिद्ध केलं नसतं, ते त्यांनी एका चिमटीत केलं." पुढे माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलं नाव त्यांचं आलं. सरांनीच तसं लिहायला लावलं.

मग मी मावशीकडे गेले. म्हटलं, "नवी बोय द्या. आणि एकच नको. तुमचा मुलगा जाळी कुठे कुठे लावतो?" तिने सांगितलं. एक जाळं खाडीच्या मोठ्या पाण्यात, भरती-ओहोटी खेळते तिथे. दुसरं जवळच, नाल्याच्या तोंडाशी. तिथे बोय झुंडीने येते, म्हणून सोपं पडतं. मी म्हटलं, "दोन्हीकडच्या वेगवेगळ्या द्या. मिसळू नका."

"मिसलनार नाय. नाल्यावरची काली पाठ असते, मना कलतं." तिने दोन पानांत दोन बोयी बांधून दिल्या. या वेळी माझी चेष्टा केली नाही.

आम्ही दोन्ही तपासल्या. मग पुन्हा तपासल्या. मग आणखी बोयी आणून तपासल्या, प्रत्येक खेपेला आधी कोरा नमुना आणि शेवटीही कोरा नमुना. मोठ्या पाण्यातल्या बोयीची टेकडी इतकी बुटकी, की कागद डोळ्यांजवळ धरावा लागे. नाल्याच्या तोंडच्या बोयीची मात्र स्पष्ट होती. पहिल्या दिवशी दिसली होती तितकी उंच नव्हे, पण होती. म्हणजे त्या नातलगाचं सगळंच खोटं नव्हतं आणि सगळंच खरंही नव्हतं. सरांनी हिशेब मांडून, पुस्तकांतल्या मर्यादांशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "मोठ्या पाण्यातली चालेल. नाल्याची गरोदर बाईने खाऊ नये. खरं तर कुणीच खाऊ नये. हे असंच सांगा. यापेक्षा जास्त नको, कमी नको."

मी बाजारात न जाता थेट त्यांच्या घरी गेले, खाडीकडेच्या वस्तीत. दारात जाळी वाळत होती. मावशीने पाट टाकला. सून भिंतीला टेकून बसली होती. मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. अगदी लहान चणीची, हाडं दिसणारी, पोट तेवढं पुढे आलेलं. तिचा नवराही आला आणि दाराशी उभा राहिला.

मी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. कुंकवाचंही सांगितलं. मावशीला त्याचं इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "अशी सासू मना पायजे होती. देवाच्या कुंकवानच पारा!" मग हसू थांबवून मुलाकडे वळली. "ऐकलास? नाल्यावरचं जालं काढ."

"तिकरंच तर जास्ती लागते," तो म्हणाला.

"लागू दे. तुज्या पोराला लागेल ते चालंल तुला?"

त्याने मान हलवली. नंतर त्याने ते जाळं खरंच काढलं, आणि शेजारच्या दोघांनीही. सरांनी आकडे घेऊन संबंधित कचेरीत पत्र दिलं होतं. त्याचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. मावशीच्या मुलाने काढलं ते जाळं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

आता सुनेने मला विचारलं, "मोठ्या पान्यातली खाल्ली तं काय होनार नाय?"

मला शास्त्राची भाषा येत होती. सरांचं वाक्य पाठ होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा हात पोटावर होता. मी म्हटलं, "मी ज्या ज्या बोयी तपासल्या, त्यांत घाबरण्यासारखं काही सापडलं नाही. माझी सून असती तर मी तिला दिली असती."

मावशी लगेच उठली. सकाळी मुलाने मोठ्या पाण्यातून आणलेली बोय तिने आधीच शिजवून ठेवली होती. माझ्या उत्तराची वाट पाहत झाकून ठेवली होती. भात, वर कालवण, असं ताट तिने सुनेपुढे ठेवलं. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस. तू बोललीस, आता तूच बग."

त्या पोरीने ताट पुढे ओढलं. पहिला घास घेताना ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. मग दुसरा. मग ती खाली मान घालून खात राहिली. मधे एकदा ओठावर हात ठेवून थांबली. आम्ही सगळे थांबलो. तिने मान हलवली आणि पुन्हा जेवू लागली.

माघात तिला मुलगी झाली, नीट, रडकी. ती माझ्या कांडीमुळे नीट झाली, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण मी पुढे आयुष्यभर वर्गात कोऱ्या नमुन्यावर अडून बसले. मुलं वैतागायची, घाईत असायची, तरी मी त्यांना बसवून पुन्हा करायला लावलं. त्यांना कारण सांगत बसले नाही. तुम्हाला सांगते आहे. कुणीतरी माझ्या एका शब्दावर पुढ्यातला घास उचलला होता. तेवढा विश्वास मला दिला म्हणून मी त्या पोरीची आजही ऋणी आहे.